शेऱ्याचा रकाना

सकाळी साडेसहाला पट्टी वाचायची,
आकडा मांडायचा, खाली सही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
एकोणीस वर्षं मी त्यात लिहीत आलोय: निरंक.

माघ सरत आला होता.
कुडज्याच्या अंगाला धरणाचा फुगवटा उथळ होतो,
तिथं तळाच्या गाळात मला ताटं दिसली.
गोल, शेजारी शेजारी,
पंगत मांडून वाढपी कुठंतरी निघून गेल्यासारखी.
मी म्हटलं, पोरांनी टायर टाकले असतील.

गजरा भोई थर्माकोलचं होडगं काठाला ओढत होती.
"टायर न्हवं साहेब, घरं हायेत.
चिलापीचा नर तोंडानं माती उचलतो, भाईर नेऊन थुकतो.
तुमी उभं ऱ्हाऊ नका. सावली पडली की पळतात."

मी बसलो. सरकारी पँटीला चिखल.

तिनं कोपर पाण्यात बुडवलं,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.
"थंडीची धार मोडली. पल्याड पांगारा बी पेटलाय.
आता बघा त्यो, मधल्या खड्ड्यावरचा."

काळा. दौत उपडी झाल्यासारखा काळा,
हनुवटी तेवढी पांढरी,
परांच्या कडेला तांबडी रेघ.
एरवी हाच मासा राखाडी असतो,
माझ्या खात्यातल्या कुणासारखाही.
दुसरा एक आला. दोघं तोंडाला तोंड लावून
रेटत राहिले, स्वारगेटच्या चौकातल्या रिक्षांसारखे,
मागं कुणीच घेईना.

"आणि मादी?"
"ती न्हाई दिसायची. गळाला बी लागत न्हाई, खातच न्हाई तर.
जाळ्यात येते कदी, चुकून."

आली. दोन दिवसांनी.
गाल फुगलेले, ओठ घट्ट.
गजरानं करंगळीच्या टोकानं ओठ जरासा उचलला:
आत पिवळ्या मोहरीसारखी अंडी, खच्चून.
एक तिच्या नखाला चिकटून आलं.
ते तिनं परत आत लोटलं, अंगठ्यानं तोंड मिटवलं,
आणि मासळी पाण्याखाली धरून ठेवली,
ती स्वतःहून सुटेपर्यंत.
"धा-बारा दिस उपाशी. तोंडात लेकरं घिऊन काय खानार?"

मला ऐकलेलं आठवलं, म्हणून मी बोललो,
ही जात बाहेरची. हिच्यापायी इथला खडस हटला म्हणतात.
"आसंल," गजरा म्हणाली, जाळं झटकत.
"माजा सासरा बी उजनीकडनं आल्याला."

शुक्रवारी फोन आला. सोमवारपासून कालव्याला आवर्तन.
रोज चार बोटं उतरणार. मी मनातच हिशोब केला:
शिमग्याच्या आत पंगत उघडी पडेल.
"साहेब, आठवडाभर थांबता येईल का?"
"का हो?"
तिकडं दौंडपर्यंत ऊस वाळतोय,
इकडं अर्ध्या पुण्याच्या टाक्या.
मी काय सांगणार होतो? ताटं मांडलीत म्हणून?
"काही नाही साहेब. सहज."

पाणी गेलं.
खड्डे आधी चकाकले, मग निबर झाले, मग भेगाळले.
एकात ओंजळभर पाणी उरलं होतं,
तेही कुत्र्यानं चाटून संपवलं.
मी काठावर उभा होतो. आता सावलीची पर्वा नव्हती.

गजरा माझ्याकडं बघून हसलीच.
"आवो, घर गेलं. अंडी घरात ठिवतंय कोन?"
तिनं हनुवटीनं दाखवलं तिकडं
पाणी खोल आणि हिरवं होतं,
त्यावर सिंहगडाचा टॉवर उलटा हलत होता.
बाकी काहीच दिसत नव्हतं.

त्या दिवशी आकडा मांडला. सही केली.
"निरंक"चा नि लिहायला पेन टेकवलं
आणि उचललं.
रकाना तसाच ठेवून वही मिटली.

महिनाअखेर वही तपासून आली.
त्या कोऱ्या जागेभोवती साहेबांनी
काढलं होतं एक वर्तुळ,
गोल, नीट,
काठाला तांबडं.