विषय क्रमांक चार

विनिपेग, तेरा फेब्रुवारी, बाहेर उणे एकतीस.
शाळेच्या व्यायामशाळेत साठ खुर्च्या मांडलेल्या,
माणसं आली एकशे दहा.
इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
सतरा वर्षं झाली. अक्षर बरं आहे म्हणून.

विषय एक, पार्किंग.
विषय दोन, एल्मच्या झाडांना लागलेली कीड.
विषय तीन कुणी ऐकलाच नाही.
विषय चार: बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलात
बेघरांसाठी रात्रनिवारा, खाटा छत्तीस.

नोरीन ओसाचुकनं नकाशा भिंतीला चिकटवला.
बारा पट्ट्या, दर पट्टीवर तीन खाटा.
"लाकूड मेपलचं आहे," म्हणाली,
"पायाला गार लागत नाही."
हे आम्हाला ठाऊक होतं.
आमच्यातल्या निम्म्यांचे सातवे वाढदिवस
त्याच लाकडावर घरंगळत गेलेले.

मग एकेकाला दोन मिनिटं.
आधी नाव, मग पत्ता, मग म्हणणं.
ग्लेन थॉरवल्डसन: आमचा विरोध नाही, पण.
त्याची मेहुणी: माणुसकी आम्हालाही आहे, पण.
कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर:
गरज कोण नाकारतंय, पण.
चौदाव्या 'पण'पाशी माझं पेन अडखळलं.
दोन अक्षरं ती,
अख्खी आळी त्यांना पाठ टेकून बसली होती.

रोवेना डिमागिबा, नर्स,
रात्रपाळीला निघालेली, कोटाखाली गणवेश.
"परवा एकाच्या पायाची चार बोटं काढावी लागली.
आपल्याच बसथांब्यावर झोपायचा तो."
एवढंच. खाली बसली.
तिची उरलेली दीड मिनिटं
घड्याळानं मोजली,
आम्ही सगळे घड्याळाकडे बघत राहिलो.

शेवटी मागच्या रांगेतून टोपी हातात धरून एकजण.
नाव? लायल बिअर्डी.
पत्ता?
माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, पुढे चला.
"त्या हॉलात मी नऊ वर्षं होतो, बुटांच्या खिडकीवर.
भाड्याचे बूट द्यायचो, तुमचे फळीवर ठेवायचो.
मापं अजून पाठ आहेत.
ग्लेन, तुझं दहा. तुझ्या पोराचं तेव्हा तीन.
डॉक्टर, डाव्या पायाला जरा सैल लागायचा तुम्हाला.
नऊ वर्षांत एकाचाही बूट हरवला नाही.
बास, एवढंच सांगायचं होतं."

कुणी हसलं नाही, टाळ्याही नाहीत.
ग्लेननं मात्र पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

त्यानंतर भांडण लहान होत होत दारावर आलं.
दार रस्त्याकडे की मागच्या गल्लीत?
रस्त्याकडे असलं तर रांग दिसणार.
ताकाला जायचं एकदाचं ठरलं होतं,
भांडं कुठे लपवायचं एवढाच प्रश्न उरला.
गल्ली, म्हणाले बहुतेक.
नोरीननं नकाशावर दार खोडलं,
मागे काढलं. हात थरथरत नव्हता तिचा,
असली दारं तिनं आधीही हलवली असावीत.

बाजूनं एकावन्न, विरुद्ध सत्तेचाळीस, बारा गप्प.
काम एप्रिलपासून, बर्फ वितळल्यावर.
इतिवृत्त लिहिणाऱ्याला मत नसतं.
ही सोय मला सतरा वर्षं
मनातून आवडत आली आहे.

निघताना दारात लायल भेटला.
"साडेसहा," माझ्या पायांकडे बघत म्हणाला,
"पण तुम्ही सहाच मागायचात."

घरी येऊन कागद पक्का करायला बसले.
एकोणतीस नावं, अठ्ठावीस पत्ते.
रिकाम्या जागेवर पेन टेकवून बराच वेळ बसले,
मग कुणीच न बोललेलं, पहिल्यांदाच, लिहिलं:
बोलिंगचा हॉल, दार मागच्या गल्लीत.

दिवा मालवायच्या आधी बोटांवर मोजलं.
एप्रिलपर्यंत, आजची धरून,
सत्तेचाळीस रात्री.