क्लोरीन उडून जाईपर्यंत

शापेकोच्या टेकड्यांत धुकं अजून शेडवर बसलेलं.
इव्होनी झानेला रात्रीच पिंप उघडं ठेवते.
पाण्यातलं क्लोरीन उडून जायला हवं,
नाहीतर पुडीतले जीव
पोटात पोचायच्या आधीच मरतात.

पुडीवर लिहिलंय, अब्जावधी.
तिला दिसते पिठूळ भुकटी,
वास जरासा आंबूस.

मग ती वाकून भुसा वाचते.
घट्ट शीट, वर पांढरी टोपी: ठीक.
पाणचट, फेसाळ:
कालच्या मक्यात काहीतरी होतं.

कंपनीने औषधं बंद केली तेव्हा
नवरा म्हणाला होता, आता पिल्लं देवाच्या हवाली.
ऑपरेशन झाल्यापासून तोही
दोन्ही वेळा दही मागतो,
त्यावर बोलत मात्र नाही.

बेचाळिसाव्या रात्री ट्रक.
त्याआधी आठ तास खाद्य वर उचलायचं,
आतडी रिकामी हवीत, असा नियम.
इतके दिवस जपलेली आतडी.
वीस हजार. एकही ढाळ नाही.
आतली वस्ती नुकती कुठे
चूल मांडून बसलेली.

पावतीवर सही करून ती परत येते.
शेडमध्ये नुसते पंखे फिरतायत.
पिल्लं यायला अजून पंधरा दिवस,
तरी हात जातो,
पिंपाचं झाकण काढून ठेवतो.