कारणाचा रकाना

अग्रशाळेच्या वहीत चार रकाने:
नाव, गाव, माणसं किती, येण्याचं कारण.
तीन भरले. चौथ्यापाशी पेन थबकलं.
वरच्या ओळींत सगळ्यांचं काम होतं देवीकडे:
लघुरुद्र, नवस, नवस, ओटी भरणे,
एकाने नुसतंच लिहिलेलं, कोर्टाची तारीख.
वळवईकर चष्म्यावरून म्हणाले,
"एकटीच? कितें, नवस गो?"
मागाहून भरते, म्हटलं.

खोली सात. काथ्याची गादी,
चादर आपली आपण आणायची.
खिडकीखाली तळी, पलीकडे जायांचा मळा,
त्यात वाकलेल्या दोन बायकांच्या पाठी.

बांबोळीला मी रोज दुसऱ्यांचं रक्त
यंत्रातून फिरवून त्यांना परत देते.
चार तास. एक दिवस सोडून पुन्हा तेच.
बाबुसो विचारतो, तुझं मशीन दमत नाही का गो?
त्यालाही धुवावं लागतं, मी सांगते,
दोन पाळ्यांच्या मध्ये अर्धा तास,
गरम पाणी, औषध,
आणि तेवढा वेळ कुणी हात लावायचा नाही.
हे सांगता सांगताच एकदा
मला म्हार्दोळची बस आठवली.

घरी सांगितलंय, फोंड्याला ट्रेनिंग आहे.
कसलं, ते कुणी विचारलं नाही.

पहिला दिवस झोपले.
नौबत झाली, झोपले.
पेज आणि तोराचं लोणचं खाऊन
पुन्हा.
पहाटे स्वप्नात सहा नंबरचा अलार्म वाजत राहिला;
धडपडून उठले तर
रस्त्यावर पोदेराचा भोंपू.

दुसऱ्या दिवशी तळीच्या शेवटच्या पायरीवर.
मासे आले, टाचेच्या भेगा चाचपून गेले.
काही सुचावं म्हणून बसले नव्हते,
सुचलंही नाही.
फक्त उन्हं पायरीवर आली तेव्हा लक्षात आलं,
सकाळपासून किती माणसं समोरून गेली
आणि मी कुणाच्याच मनगटाची शीर पाहिली नाही.

निघताना वही मागितली.
चौथा रकाना भरलेला.
वळवईकरांचं अक्षर, पेन्सिलीने,
म्हणजे खोडता येईल असं:
झोप.

मी त्याच्यावरून पेन फिरवलं, सावकाश,
काना-मात्रा धरून.

दोन रात्रींचे चारशे.
पावती फाडू? त्यांनी विचारलं.
नको, म्हटलं.