गजरा पान्हा चोरते

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तेव्हा चिटपाखरू नव्हतं.
धारोष्ण ग्लास तोंडाला लावून
मिशा पांढऱ्या करणारी माणसं घरात कोंडलेली,
आणि सगळं बंद आहे हे
आमच्या म्हशींना कुणी सांगितलं नव्हतं.
सड भरले की भरले.

मी आशाताई. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत तक्ता:
तळवा, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट.
शुक्रवार पेठेच्या बोळाबोळांतून
उंबऱ्याबाहेर उभी राहून
हवेतच हात धुऊन दाखवायची.
खिडकीतली पोरं नक्कल करून हसायची.
हसू दे. हात तर हलायचे.

एका पहाटे मामंजींच्या तळव्यावर
निळं सॅनिटायझर मीच ओतलं.
"आता बिनघोर बसा धारंला."
गजरानं हुंगलं, कान मागं टाकले,
आणि चरवी लाथेसरशी उकिरड्यावर.
पेंड दाखवली, पाठ थोपटली, रेडकू सोडलं.
थेंब नाही.
"केरबाचा हात न्हाई ह्यो, म्हंती ती,"
मामंजी म्हणाले,
स्वतःच्याच हाताकडं पाहुण्यासारखं बघत.

मग हौदापाशी गेले.
कपड्याच्या साबणाची चीप घेतली, बाह्या कोपरावर सारल्या.
तळवा. मागची बाजू. बेचक्या.
अंगठा तर असा पिळला, जसा पाचवा सड.
माझा तक्ता पिशवीत, घडीतच.
ओठ हलत होते त्यांचे.
"मोजताय काय, मामा?"
"मोजतोय कशाला! गेलेल्या म्हशींची नावं घेतोय.
गंगी, सुंदरा, काळी पारी, मोडशिंगी, बोडकी...
बोडकीपतुर आलं की हात झाला.
माझ्या बाचा हिशेब हाय ह्यो."

गजरानं पुन्हा हुंगलं.
बराच वेळ.
मग पहिली धार चरवीच्या बुडाशी टणकन वाजली.

दुसऱ्या दिवशी बोळात मी वीस सेकंद म्हणाले नाही.
म्हणाले, आपल्या माणसांची नावं घ्या.
अख्तरबी अत्तारांनी नळाखाली हात धरले,
नवरा, दीर, दोन नणंदा,
आणि एका नावापाशी थांबल्या.
त्याच आठवड्यातलं होतं ते.
नळ तसाच वाहत राहिला.
पाण्याची नासाडी मी रोज बोलून दाखवते.
त्या दिवशी नाही.

आता कट्ट्यावर पुन्हा गर्दी, शेणाचा वास, कुस्तीच्या गप्पा.
खुंट्याशेजारच्या नळाला
माझ्या पोराचा शाळेतला जुना मोजा टांगलाय,
त्यात साबण.
परवा कुणी नवखा गाडीवरून उतरला,
हात पुसला पँटीला आणि ग्लासासाठी पुढं केला.
मामंजींनी आधी हात बघितला,
मग हनुवटीनं नळाकडं खूण केली.
"काय?"
"मोजा."