चार घरांचा डबा

डबा मूळचा बिस्किटांचा. झाकणावर अजून अर्धा मोर आहे,
उरलेला अर्धा मी भोकं पाडताना गेला.
अकरा भोकं: चार जोड्या आत यायला,
एक जोडी बाहेर जायला,
आणि मधलं, बटणासाठी.
बटण उद्यमनगरच्या भंगारातलं, काळं, बॅकेलाइटचं,
कुठल्या मशिनीवर आयुष्य काढलं त्याचं त्यालाच ठाऊक.
या डब्याला वीज लागत नाही.
नुसत्या तारा, आणि कुणाला आत घ्यायचं
ते ठरवणारी पितळेची एक जीभ.

एक, रेडिओ. दोन, टेप. तीन, तबकडी. चार, मोबाईल.

टेप मी ऐकत नाही. फिरवतो फक्त,
दर रविवारी एक कॅसेट, फिती चिकटू नयेत म्हणून.
आण्णांचे सौदे आहेत त्यांवर.
मार्केट यार्डातला चौऱ्याण्णवचा अख्खा हंगाम
कुणा हौशी अडत्यानं भरून ठेवलेला:
गुळाचे रवे, माशा, हमालांची शिवीगाळ,
आणि सगळ्यावर आण्णा, भाव पुकारत.
अकरा कॅसेटी. एकही पुरती ऐकवत नाही.

तर बटण एकवर होतं. रेडिओवर हवामान चाललेलं.
निवेदिका श्वास घ्यायला थांबली
आणि त्या फटीतून
स्‌… श्‌… स्‌… श्‌…
पलीकडच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडावेत तसं.
कर्ण्याला कान लावला.
सातशे. सव्वासातशे. सातशे साठ.
म्हणजे, सातशे असणार. आकडा नव्हताच,
आवाजाला छाती नव्हती, खर्ज नव्हता,
नुसती अक्षरांची टोकं,
भुसा राहावा आणि लाकूड जावं तशी.

सिकंदर मुजावर लक्ष्मीपुरीत चाळीस वर्षं कर्णे दुरुस्त करतो.
डबा उघडला आणि हसायलाच लागला.
"तारा चिकटल्यात कुठं? कुठंच न्हाईत.
शेजारी शेजारी हायत, तेवढं पुरतंय.
जाडा आवाज अडतो. बारीक झिरपतो.
आन् ज्या घरात जायचं न्हाई
त्याचं दार तू सताड उघडं ठेवलंयस,
मग बोलणं भाईर येणारच की."
जाळीची तार घाल, म्हणाला. मोठा स्विच घे,
एक सोडून एक घर वापर.
आणि जे ऐकायचं नाही
त्याला अर्थ दे.
अर्थिंग म्हणायचं होतं त्याला. तो अर्थच म्हणतो.
मी चहाचे पैसे दिले, ते त्यानं घेतले नाहीत.

पुढचा रविवार कथलाच्या धुरात गेला.
चष्मा कपाळावर, बोट दोनदा भाजलं.
प्रत्येक तारेला जाळी, प्रत्येक जाळीला जमीन.
मधली घरं रिकामी, तीही जमिनीला बांधलेली.
संध्याकाळी सातवी कॅसेट लावली, बटण एकवर,
आवाज टोकापर्यंत नेला.
रेडिओत रेडिओ.
फटीत फट.
चोख काम झालं होतं. मी झाकण लावलं,
अर्ध्या मोरावरून फडकं फिरवलं.

आत आई लसूण सोलत बसली होती.
"आज सौदं न्हाईत व्हय रं, बाहू?"

डेकच्या काचेमागं चाकं फिरत होती,
एक भरत होतं, एक रितं होत होतं.
कधीपासून ऐकतेस, असं मी विचारलं नाही.
"बंद हायत," म्हणालो. "अमुशा."
अमावास्या नव्हती. कॅलेंडर तिच्याच डोक्यावर टांगलेलं.

"मग उद्याच्याला भाव चढंल," ती म्हणाली,
आणि पुढची पाकळी उचलली.