मधल्या दोन बाजू

शनिचरा बाजारात, जळक्या मिक्सरांच्या आणि सायकलच्या चेनींच्या ढिगात
मला तो सापडला, साठ रुपयांत.
रॉकचा लाइव्ह अल्बम, दोन तबकड्यांचा,
आत तबकडी एकच.
"दुसरी कुठी आहे?"
मुश्ताकभाई म्हणाले,
"साठ रुपयांत काय बँडच आणून उभा करू का बे?"

जुन्या चेंजरसाठी छापलेला सेट.
एका तबकडीवर बाजू पहिली आणि चौथी,
दुसरीवर मधल्या दोन.
म्हणजे माझ्याकडे त्या रात्रीची सुरुवात होती
आणि शेवट.
अकरा वर्षं ऐकली मी ड्रमवर पडलेली पहिली काठी.
तबकडी पालथी केली की लगेच
घसा बसलेला माणूस निरोप घ्यायचा.
कशानं बसला, ते ठाऊक नाही.

कव्हरच्या आत बॉलपेननं: डी. रोझारिओ, गार्ड, अजनी.
अजनीत आता त्या नावाचं कुणी नव्हतं.
एका निवृत्त टीसीनं पत्ता दिला, कामठीचा.
छावणीमागे, खडखडत्या कूलरच्या घरात
मॉरीनबाईंनी दार उघडलं.
"पप्पांनी वाटणी सारखी केली.
तबकड्या दोन, पोरी दोन.
लॉर्नानं तिची विकली.
मी नाही."

मी आकडा बोललो.
मग आणखी मोठा.
त्यांनी मला लिंबूसरबत दिलं
आणि विचारलं, "सुरुवातीला तो काही बोलतो का हो?
मी विसरले."

मे महिना. ऊन असं की तबकडी पापडासारखी वाकावी.
माझी मी ओल्या टॉवेलात गुंडाळली,
प्लेअर स्कूटरवर पायांत धरला,
इंदोरा ओलांडून कामठी रोडनं, तान्हं पोर नेल्यासारखा,
वीसच्या स्पीडनं.

पहिली बाजू माझी.
दुसरी, तिसरी त्यांची, उशीच्या अभ्र्यातून काढलेली.
तिसरीवर गिटारची तार तुटते.
गाणं थांबतं. हजारो माणसं थांबतात.
कुणी खोकतं.
मॉरीनबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.
"इथे पप्पा शिट्टी वाजवायचे, गार्डची.
तेव्हाच पुढचं गाणं सुटायचं."
शिट्टी नव्हती. त्यांनी हात वर केला, हिरवी झेंडी धरल्यासारखा.
गाणं सुटलं.

मग चौथी बाजू, माझी, पाठ असलेली.
बसलेला घसा.
या वेळी मला ठाऊक होतं.

अंधार पडताना ज्याची त्यानं तबकडी उचलली.
येताना कव्हर तिथेच राहिलं.
विसरलो, असं मी बायकोला सांगितलंय.