हातचा

शाळेचं पत्र तीन दिवस फ्रिजवर आहे,
माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
हेल्मीला आठवीतच अकरावीचं गणित द्यावं का.
पालकांनी शुक्रवारपर्यंत सही करावी.

मी काउंटीचा नांगर चालवतो, बर्फ ढकलायचा.
मिनेसोटाच्या या टोकाला ऑक्टोबरपासून एप्रिल.
माझं गणित अपूर्णांकांपाशी थांबलं,
तेही पान्यांच्या कृपेने:
अर्धा इंच, पाच अष्टमांश, पाऊण.

डॉरिन रात्रपाळीहून येते,
बूटही न काढता म्हणते, करून टाक सही.
तिला तेराव्या वर्षी कुणी विचारलंच नव्हतं.
आजही औषधाचे थेंब मोजताना तिचे ओठ हलतात,
आणि ते दिसू नयेत म्हणून
ती रोग्याकडे पाठ करते.

मिसेस ओस्टबी फोनवर म्हणाल्या,
हुशार आहे, प्रश्नच नाही.
मग जरा थांबल्या.
सतरा वर्षांच्या पोरांत बसेल. सहा दहाची बस.
जेवायच्या सुट्टीत कुणाशी बोलेल,
ते मात्र मला सांगता येत नाही.

मला माझा भाऊ आठवत राहिला, रेनो.
डिसेंबरचा दुसरा आठवडा, पाच इंच बर्फ,
आणि त्याला ट्रक न्यायचा होता तळ्यावर,
सगळ्यांच्या आधी.
माणसाला चार इंच पुरतात. ट्रकला बारा,
तेही निळसर, स्वच्छ बर्फाचे.
रेनो खिडकीतून बाहेर आला. ट्रक नाही आला.
त्यानंतर तीस वर्षं तो भेटेल त्याला
थांबा, थांबा म्हणत राहिला.
स्वतःही थांबला: लग्नाला, घराला.
अजून थांबलेलाच आहे.
आणि मी, त्याचा धाकटा,
सगळं हातचं राखून करायला शिकलो.

शनिवारी हेल्मीला घेऊन तळ्यावर गेलो.
विचारू म्हटलं होतं. विचारलं नाही.
तिने गिरमिट फिरवलं, भोकात पट्टी सोडली,
वहीत लिहिलं: नऊ.
वही नोव्हेंबरपासूनची.
रोजची थंडी, दर शनिवारचा बर्फ.
म्हणाली, बाबा, बघ,
दुप्पट जाड व्हायला चौपट थंडी लागते.
कुणी शिकवलं?
कुणी कशाला? बर्फच पांघरूण होतो ना पाण्याला.
जितकं जाड पांघरूण, तितका पुढचा इंच उशिरा.

माझ्या वडिलांना हे तळपायांना कळायचं.
तिने त्याची रेघ काढली होती,
आधी झपाट्याने चढणारी, मग दमत जाणारी,
सात-आठदा खोडलेली.
वर्गात दाखवलंस?
नाही.
का?
विचारतात, परीक्षेला आहे का.
एवढंच बोलली, आणि पेन्सिल दातात धरली.

मी वही उगाच चाळत राहिलो,
काहीतरी कळत असल्यासारखा.
एका पानावर, साध्या बेरजेत,
हातचा एक धरायचा राहिला होता.
तेवढं मला येतं. बोट ठेवलं.
ती इतकी हसली
की शेजारच्या झोपडीतला म्हातारा सालो
दार उघडून बघायला आला.

मग लांबच्या भोकावरचं निशाण उडालं,
मासा लागला होता.
ती धावत सुटली, टोपी मागे पडली,
पायांखाली बर्फ एकदा खोल कण्हला
आणि माझा श्वास तिथेच अडकला.
नऊ इंच.
ट्रक मी किनाऱ्यावर ठेवला होता.
तिला चार पुरले असते.
इतके दिवस मी ट्रकचंच माप धरून बसलो होतो.

सही केलीय. अक्षर वाकडं आलंय.
डॉरिन उठली की दाखवीन.
कुणाशी बोलेल, याचं उत्तर माझ्याकडेही नाही;
शनिवार तेवढे माझे आहेत, बर्फ टिकेल तोवर.
सहा दहाच्या बसचा रस्ता
माझ्या फेरीत शेवटी येतो.
साहेबांना विचारून बघतो,
आधी घेता येईल का.